आवाजाची चलनवाढ

संगीतावर टीका लिहायला माणसाच्या अंगी नेमकं काय लागतं, याची मला कल्पना नाही. पण जे काही लागतं ते माझ्याकडे नाही, याची आमच्या घरात सर्वांना खात्री आहे. मी बी. कॉम. आहे, तेही सेकंड क्लास. गेली बावीस वर्षं एका बँकेत लोकांच्या नोटा मोजतो. संगीताचं माझं शिक्षण म्हणाल, तर शाळेत समूहगीताच्या वेळी मास्तरांनी मला शेवटच्या रांगेत उभं केलं आणि कानाशी येऊन सांगितलं, "तू नुसते ओठ हलव." ते मी इतक्या निष्ठेने केलं की त्या वर्षी आमच्या शाळेला तालुक्यात दुसरं बक्षीस मिळालं. गाण्याची इतकी निःस्वार्थ सेवा फार थोड्यांनी केली असेल.

तरीही हा लेख लिहायला बसलो आहे. कारण गेल्या दिवाळीत आमच्या घरी एक खटला चालला आणि त्यात एका निरपराध माणसाला जवळजवळ शिक्षा झाली होती. तो माणूस म्हणजे आमचे अण्णा.

अण्णांचं वय अठ्ठ्याहत्तर. पोस्टातून निवृत्त झाले. आयुष्यात त्यांनी चैन अशी एकच केली. १९९३ साली दिवाळीचा बोनस मिळाला तेव्हा त्यांनी एका मोठ्या गवयाच्या मैफलीची सीडी विकत घेतली. (बुवांचं नाव सांगत नाही. पुढे जे रामायण झालं त्यात त्यांचा काडीचाही दोष नाही.) सीडी घरी आली तेव्हा ती वाजवायचं यंत्र मात्र घरात नव्हतं. ते वर्षभराने, पुढच्या बोनसातून आलं. मधलं वर्षभर ती सीडी देव्हाऱ्याशेजारी होती आणि आई रोज तिच्यावरची धूळ पुसत असे. आलेल्या-गेलेल्याला अण्णा ती उजेडात धरून दाखवत. "बघा, सप्तरंग दिसतात," असं म्हणत. त्यामुळे पाहुण्यांची अशी समजूत झाली की ही वस्तू बघण्याचीच आहे.

यंत्र आल्यापासून गेल्या दिवाळीपर्यंत ती सीडी अण्णांनी किती वेळा ऐकली, याचा हिशेब माझ्यासारख्या हिशेबनिसालाही ठेवता आलेला नाही. मग गेल्या दिवाळीत मी म्हटलं, अण्णांना काहीतरी नवीन द्यावं. एक बिनतारी स्पीकर आणला. दिसायला डिंकाच्या लाडवांच्या डब्यासारखा. आणि त्याच मैफलीची नवी आवृत्ती मोबाइलवर मिळाली, तीही 'रिमास्टर्ड'! हा शब्द ऐकला की मला उगाच भरून येतं. आमच्या इमारतीला रंग दिल्यावर बिल्डरने भाव वाढवून सांगितला होता, तेव्हाही असंच भरून आलं होतं.

पाडव्याच्या सकाळी, अभ्यंगस्नान झाल्यावर, फराळाचं ताट समोर ठेवून मी समारंभपूर्वक बटण दाबलं. पाच मिनिटं गेली. अण्णांनी हातातली चकली ताटात परत ठेवली.

"बंद कर रे ते."

"का हो अण्णा?"

"बुवा ओरडताहेत."

"अण्णा, अजून आलापच चाललाय. विलंबित."

"तेच म्हणतोय मी. आलापच ओरडून करताहेत. आणि त्या तानपुऱ्याला कुणीतरी आवरा. बुवा श्वास घ्यायला थांबले, की अंगावर धावून येतो."

आम्ही सगळ्यांनी एकमेकांकडे पाहिलं. घरातल्या वडीलधाऱ्या माणसाविषयी निर्णय घेताना जसं पाहतात तसं. आमचे चिरंजीव म्हणाले, "बाबा, मला तर एकदम क्लिअर वाटतंय." आमची ही स्वयंपाकघरात आल्यावर हळू आवाजात म्हणाली, "अहो, अण्णांचे कान गेले. दिवाळी झाली की डॉक्टरांची वेळ घ्या." निकाल लागला. आरोपीला बाजू मांडायची संधीही मिळाली नाही. आणि मिळाली असती तरी ती त्याला ऐकू आली नसती, असं आम्ही गृहीत धरलं होतं.

भाऊबीजेला बहीण आली. बरोबर भाचा. हा मुंबईत एका स्टुडिओत गाणी ध्वनिमुद्रित करण्याच्या कामावर आहे. म्हणजे नेमकं काय करतो, हे बहिणीला लग्नाच्या बाजारात सांगता येत नाही; पण मुलगा हुशार आहे. त्याने आजोबांची तक्रार ऐकून घेतली, जुनी सीडी आणि नवी आवृत्ती दोन्ही लॅपटॉपमध्ये घातल्या आणि पडद्यावर दोन चित्रं काढून मला दाखवली. आवाजाचं चित्र निघतं हे मला तेव्हा पहिल्यांदा कळलं.

जुन्या सीडीचं चित्र म्हणजे सह्याद्रीची रांग. इथे सुळका, तिथे खिंड, मध्येच पठार, आणि सुरुवातीला, जिथे नुसता तानपुरा होता तिथे, सपाट कोकण. नव्या आवृत्तीचं चित्र म्हणजे आडवी ठेवलेली वीट. पहिल्या सेकंदापासून शेवटपर्यंत भरीव. ना चढ, ना उतार.

"मामा," भाचा म्हणाला, "आजोबांचे कान शाबूत आहेत की नाहीत ते डॉक्टर सांगतील. पण ही रेकॉर्ड शाबूत नाही."

मग त्याने मला जे समजावून सांगितलं ते मी माझ्या बुद्धीप्रमाणे, म्हणजे वाणिज्य शाखेच्या बुद्धीप्रमाणे, पुढे मांडतो.

सीडीवर आवाजाला एक छत असतं. त्या छताला ही मंडळी शून्य म्हणतात. (आमच्या बँकेत शून्य म्हणजे तळ. यांच्याकडे शून्य म्हणजे शिखर. यावरूनच दोन धंद्यांतल्या माणसांच्या स्वभावातला फरक कळावा.) त्या छताच्या वर एक कणही लिहिता येत नाही. आता गाण्यात सर्वांत उंच उडी कोण मारतो? तर तबल्याची थाप, किंवा बुवांनी समेवर येऊन टाकलेला खणखणीत स्वर. तो छताला टेकतो. बाकीचं गाणं खालच्या मजल्यांवर सुखाने नांदत असतं. आता एखाद्याच्या मनात आलं, की आपलं गाणं दुसऱ्याच्या गाण्यापेक्षा मोठं वाजायला हवं, तर काय करायचं? सगळंच वर उचलावं, तर थाप छतावर आपटून फुटते. तेव्हा आधी थापेचं डोकं छाटायचं. सगळ्या उंच मंडळींना एका मापाचं करायचं. मग वर जी जागा मोकळी झाली, तिच्यात सगळं गाणं अलगद सरकवायचं. हे काम करणाऱ्या यंत्राला त्यांच्या धंद्यात 'ब्रिकवॉल लिमिटर' म्हणतात. म्हणजे विटेची भिंत. नाव ठेवणारा प्रामाणिक होता.

याचा परिणाम असा, की थाप जिथे होती तिथेच राहिली, पण कुजबुज वर येऊन तिच्या शेजारी बसली. बुवा थांबले, की यंत्राला वाटतं, आवाज पडला. ते लगबगीने जे काही उरलंय ते उचलतं. उरलेला असतो बिचारा तानपुरा. तो अंगावर धावून येतो. अण्णांनी पाच मिनिटांत, एका चकलीच्या आत, जे निदान केलं होतं, ते यंत्रासकट बरोबर होतं.

आता तुम्ही विचाराल, की शहाणी माणसं हे का करतात? त्याचं उत्तर मला आमच्या शाखेत रोज दिसतं. पूर्वी आमच्या काउंटरवर एखादाच गिऱ्हाईक ओरडायचा. ओरडणाऱ्याचं काम आधी होतं, हे रांगेतल्या दुसऱ्याने पाहिलं. तोही ओरडला. तिसऱ्याने दोघांपेक्षा मोठ्याने सुरुवात केली. आज अशी परिस्थिती आहे, की पासबुक भरून घ्यायलाही लोक संतापूनच आत येतात. ओरडण्याचा फायदा पहिल्या माणसाला दोन दिवस मिळाला. पुढे सगळेच ओरडू लागल्यावर कुणाचंच काम लवकर होईना. फक्त एक झालं: खरोखर अडलेला, हळू बोलणारा एखादा म्हातारा काउंटरशी येऊन उभा राहिला, तर तो आता आम्हाला ऐकूच येत नाही.

आम्हाला एफ. वाय.ला एक धडा होता, चलनवाढीचा. माल तेवढाच आणि नोटा जास्त छापल्या, की नोटेची किंमत उतरते. सगळ्यांच्या खिशात दुप्पट पैसे आले, तरी श्रीमंत कुणीच होत नाही. या गाणेवाल्यांनी आवाजाच्या नोटा छापल्या. मोठा आवाज इतका स्वस्त करून टाकला, की त्याला आता काही विकत मिळत नाही. समेवर आल्यावर पूर्वी अंगावर काटा यायचा; आता सगळीकडे समच असल्यामुळे सम कुठे आली हेच कळत नाही.

हा रोग जुना आहे. अमेरिकेत १९५० आणि ६०च्या दशकांत हॉटेलांतून नाणं टाकून गाणं वाजवायचे ज्यूकबॉक्स होते. आवाजाची खुंटी मालकाच्या हाती. मग ज्याची तबकडी मूळचीच मोठ्याने कापलेली, तो शेजारच्या गाण्यापेक्षा उठून दिसायचा. त्यातून कानाची एक खोड अशी, की तेच गाणं जरा मोठ्याने वाजलं तर ते 'जास्त मोठं' वाटण्याऐवजी 'जास्त चांगलं' वाटतं. हळू आवाजात आपल्याला खर्ज आणि अतितार कमी ऐकू येतात. आवाज वाढला की तेही भरून येतात. फ्लेचर आणि मन्सन या दोन शास्त्रज्ञांनी १९३३ साली हे आलेख काढून सिद्ध केलं. दुकानदारांना ते आलेखाशिवाय माहीत असावं.

पण तेव्हा लबाडीला एक नैसर्गिक आळा होता. तबकडीवर आवाज म्हणजे खाच. आवाज मोठा, तर खाचेची वळणं रुंद. वळणं रुंद, तर एका बाजूवर गाणी कमी मावणार. आणि फारच हाव केली तर सुई खाचेतून उडी मारून शेजाऱ्याच्या घरात जाणार. म्हणजे आवाज वाढवायचा तर जागेने त्याची किंमत मोजावी लागे. पूर्वी नोट छापायला तिजोरीत सोनं ठेवावं लागे, तसंच हे. १९८२ साली जपानमध्ये पहिल्यांदा सीडी बाजारात आली, आणि हे सोन्याचं बंधन सुटलं. सीडीवर मोठा आवाज आणि लहान आवाज यांना जागा सारखीच लागते.

आणि इथेच खरी गंमत आहे. सीडीत सर्वांत लहान आणि सर्वांत मोठ्या आवाजातलं अंतर जवळजवळ ९६ डेसिबल इतकं धरता येतं. तबकडीला किंवा कॅसेटला हे स्वप्नातही शक्य नव्हतं. म्हणजे इतिहासात पहिल्यांदा गाण्याला राहायला प्रशस्त बंगला मिळाला. खाली तळघर, वर गच्ची. आणि १९९०नंतर बघता बघता सगळं कुटुंब सामानसुमानासह माळ्यावर राहायला गेलं! बाकीचा बंगला रिकामा. माळ्यावर चेंगराचेंगरी. आणि पाहुण्यांना सांगायचं, की आमच्याकडे जागेची अडचण नाही.

पाश्चात्त्य देशांत या प्रकाराला 'लाउडनेस वॉर' असं नावच आहे. त्यातली सर्वांत गाजलेली लढाई २००८ सालची. मेटॅलिका नावाचं एक जगप्रसिद्ध वाद्यवृंद-टोळकं आहे. (टोळकं हा शब्द मी आदराने वापरतो आहे.) त्यांचं संगीत मी ऐकलं आहे. मिक्सरमध्ये स्टीलचा चमचा राहिला तर जो नाद निघतो, त्याला लय दिली तर साधारण तसं वाटतं. त्यांच्या 'डेथ मॅग्नेटिक' या अल्बमवर खुद्द त्यांच्या चाहत्यांनीच तक्रार केली, की हे फारच मोठ्याने आणि फाटकं वाजतंय! भीमाने वाढलेल्या पानावर बकासुराने 'जरा जास्त होतंय' म्हणावं, तसंच हे. हजारो चाहत्यांनी सह्या करून गाणी पुन्हा नीट बनवून द्यायची मागणी केली. कारण तीच गाणी 'गिटार हीरो' नावाच्या मुलांच्या खेळातही घातली होती, आणि खेळातली गाणी सीडीपेक्षा मोकळी वाजत होती. खेळण्यातलं घड्याळ बरोबर वेळ दाखवतंय आणि भिंतीवरचं चुकीची! ज्या तंत्रज्ञाने शेवटचा हात फिरवला होता, त्याने सांगितलं, की माझ्याकडे माल आला तोच असा चेपून आला होता. हे वाचून मला एकदम घरच्यासारखं वाटलं. "फाइल माझ्याकडे आली तेव्हाच अशी होती" हे वाक्य जगात सगळीकडे सारखंच म्हटलं जातं, हे ऐकून कारकुनाला धीर येतो.

आता टीकाकाराने न्याय सोडू नये. जुनं ते सगळं सोनं, असं मी म्हणणार नाही. भारतात १९०२ साली कलकत्त्याला गौहरजानचं गाणं ध्वनिमुद्रित झालं तेव्हा मायक्रोफोनच नव्हता. एका मोठ्या कर्ण्यात तोंड घालून गावं लागे, तेही तीनएक मिनिटांत. शेवटी ती इंग्रजीत आपलं नाव सांगते, कारण तबकड्या जर्मनीत हॅनोव्हरला तयार व्हायच्या, आणि तिथल्या कामगारांना कोण गातंय हे कळायला हवं. म्हणजे तेव्हाचे गवईही ओरडतच गायचे. पण ती बिचाऱ्यांची अडचण होती. १९२५च्या सुमारास विजेवर चालणारं ध्वनिमुद्रण आलं आणि मायक्रोफोनसमोर माणसाला पहिल्यांदा हळू गाता येऊ लागलं. ओठांतल्या ओठांत गुणगुणलेलं हजार मैलांवर जाऊ लागलं. यंत्राने माणसाला दिलेली ही केवढी मोठी देणगी! तेव्हा ओरडल्याशिवाय भागत नव्हतं म्हणून ओरडायचे. आता कुजबुज सुखरूप पोचवायची सगळी सोय असताना आपण ओरडतो.

काही जाणकार सगळा दोष 'एमपीथ्री'च्या माथी मारतात. तोही सरसकट खरा नाही. एमपीथ्री म्हणजे गाण्याची रोजमेळात केलेली गोळाबेरीज. मोठ्या आवाजाखाली जो बारीक आवाज कानाला तसाही ऐकू येणार नाही, तो लिहायचाच नाही, असं त्याचं तत्त्व. सीडीवर एका सेकंदाला १४११ किलोबिट लागतात. त्या जागी १२८मध्ये भागवायचं, म्हणजे अकरा रुपयांचं काम रुपयात. ही विद्या घडवताना कार्लहाइन्झ ब्रँडेनबर्ग या जर्मन शास्त्रज्ञाने सुझान व्हेगा या गायिकेचं एक गाणं परीक्षेला घेतलं होतं. त्यात वाद्यं नाहीत, नुसता गळा. कारण वाद्यांच्या गर्दीत हिशेबातली चूक लपते, एकट्या गळ्यात लपत नाही. ही गोष्ट मला फार आवडली. आमच्याकडेही मोठ्या खात्यातली अफरातफर पचते, आणि पेन्शनरच्या खात्यात पन्नास पैसे चुकले तर तो दुसऱ्या दिवशी सकाळी दहाला हजर. तर, गोळाबेरीज थोडी सैल ठेवली, तर एमपीथ्री आणि सीडी यांतला फरक बहुतेकांना ओळखता येत नाही. आणि आता तर एकही बिट न गाळता गाणी घरपोच मिळतात. पण आत मूळ गाण्याचीच वीट केलेली असेल, तर ती कितीही नीट गुंडाळून पाठवली तरी घरी वीटच येणार.

या चलनवाढीवर रिझर्व्ह बँकेसारखा उपायही निघाला आहे. कानाला आवाज किती मोठा वाटतो हे मोजायची रीत २००६ साली आंतरराष्ट्रीय पातळीवर ठरली. २०१० साली युरोपातल्या प्रसारणसंस्थांनी तिच्यावरून नियम केला. अमेरिकेने त्याच वर्षी, टीव्हीवरच्या जाहिराती कार्यक्रमापेक्षा मोठ्याने ओरडू नयेत म्हणून कायदाच केला. स्पॉटिफायसारख्या सेवा प्रत्येक गाणं आधी मोजतात आणि जे जास्त ओरडतं त्याला मुकाट्याने खाली ओढून बाकीच्यांच्या बरोबरीला बसवतात. म्हणजे ओरडून आता काही फायदा नाही. उलट डोकं छाटलेलं गाणं डोकं शाबूत असलेल्या गाण्याशेजारी बसलं, की जास्तच बापुडं दिसतं. मी भाच्याला म्हटलं, "मग आता हे बंद झालं असेल?" तो हसला. म्हणाला, "मामा, आमच्याकडे येणारा प्रत्येक जण अजून हेच विचारतो, 'त्या गाण्याएवढं मोठं का नाही वाजत?'" एकदा ओरडायची सवय लागली, की काउंटर रिकामा असला तरी माणूस ओरडूनच बोलतो.

दिवाळी संपली. डॉक्टरांची वेळ घेतलेलीच होती, म्हणून अण्णांना घेऊन गेलो. त्यांना एका काचेच्या खोलीत बसवलं, कानांवर हेडफोन चढवले, हातात बटण दिलं आणि सांगितलं, "अगदी बारीकसा आवाज आला तरी दाबा." मी काचेबाहेरून पाहत होतो. अण्णा डोळे मिटून, पुढे वाकून, श्वास रोखून बसले होते. मैफलीत बसायचे तसेच. हल्लीच्या जगात माणसाला बारीक आवाज ऐकायला सांगणारी एवढी एकच जागा उरली आहे, आणि तीही फी घेऊन.

निकाल आला. कान वयाप्रमाणे उतरले होते. डॉक्टर म्हणाले, "वरच्या पट्टीतले आवाज आधी जातात. त्यामुळे स, श, फ असली अक्षरं निसटतात. माणूस बोलतोय हे कळतं, काय बोलतोय ते कळत नाही. आणि दुसरी गोष्ट अशी, की बारीक आवाज ऐकू येईनासे होतात, पण मोठे आवाज मात्र पूर्वीइतकेच, कधी कधी जास्तच टोचतात. मधली जागा अरुंद होते. म्हणून आम्ही जे यंत्र देतो ते बारीक आवाज जास्त उचलतं आणि मोठे कमी."

मी चमकलो. "म्हणजे सगळं एका पातळीवर आणतं?"

"जवळजवळ तसंच."

म्हणजे बघा! ज्याचे कान गेले आहेत त्याच्यासाठी, औषध म्हणून, डॉक्टरांच्या चिठ्ठीने, मोजून-मापून जे करायचं, तेच या लोकांनी सगळ्या जगाच्या गाण्यांना सरसकट करून टाकलं आहे. आपण सगळे बहिरे आहोत, असं गृहीत धरून. आमच्या घरात अण्णांबद्दल आम्ही जे गृहीत धरलं, तेच या धंद्याने तुमच्या-माझ्याबद्दल धरलं आहे. आणि आपण तक्रार केली नाही. एकट्या अण्णांनी केली, तर त्यांनाच तपासायला नेलं.

(ओघाने सांगतो, आमच्या हिने त्याच खेपेत माझेही कान तपासून घेतले. बोलते ते मी ऐकत नाही, असा तिचा जुना संशय होता. डॉक्टरांनी सांगितलं, "यांचे कान उत्तम आहेत." ती म्हणाली, "तेच तर मी म्हणते.")

अण्णांना यंत्र मिळालं. बातम्यांना, देवळात, नातवाशी बोलताना ते लावतात. पण बुवांची सीडी लावायची वेळ झाली, की ते यंत्र कानातून काढून चष्म्याच्या घरात ठेवतात. "माणसांसाठी ठीक आहे," म्हणाले, "पण यातून सारंगीचा पत्रा होतो." मग जुन्या यंत्राशेजारी खुर्ची ओढतात आणि आवाजाची खुंटी स्वतःच्या हाताने, बेताबेताने फिरवतात. या खुंटीला आपण फार हलकं समजलो. गाणं किती मोठ्याने ऐकायचं ते ऐकणाऱ्याने ठरवायचं. आणि गाण्याच्या आत काय मोठं आणि काय हळू, ते गाणाऱ्याने. दोन खाती वेगळी आहेत. एकाच्या खात्यातली रक्कम दुसऱ्याने परस्पर वळती केली, तर आमच्या बँकेत त्याला काय म्हणतात ते सांगायला नको.

गेल्या रविवारी अण्णांनी खुंटी जरा जास्तच फिरवली होती. तानपुऱ्याने खिडकीची तावदानं बारीक थरथरत होती. पाच मिनिटांत दाराची बेल वाजली. खालच्या मजल्यावरचे काका, बनियनवर, पेपर हातात, चेहऱ्यावर सोसायटीची सगळी कलमं. "अहो, काय हे रविवार सकाळी..." त्यांनी सुरुवात केली. नेमके तेव्हाच बुवा खर्जातून अगदी अस्पष्ट, असेल-नसेल अशा स्वरावर उतरत होते. अण्णांना काका ऐकू आले नसावेत, नुसते दिसले असावेत. त्यांनी ओठांवर बोट ठेवलं आणि दुसऱ्या हाताने समोरची खुर्ची दाखवली.

तक्रार तोंडातच राहिली. काका पेपरची घडी करून, आवाज होऊ न देता, खुर्चीत बसले आणि थोड्या वेळाने तेही पुढे वाकले.